हयातीचा दाखला

बाईंना शेजारीपाजारी विचारायचे, तुम्ही एवढं परदेशात जाऊन शिकवता तरी काय? बाई सांगायच्या, शासन आणि नेतृत्व. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणारी एक शेजारीण होती, तिला हे काही केल्या पटेना. राज्य चालवणाऱ्यांना तुम्ही शिकवता, मग त्यांना अजून येत कसं नाही, असं तिनं जिन्यात उभ्या उभ्या विचारलं. बाई कठड्याला धरून हसल्या. पुढच्याच महिन्यात एका दूरच्या देशात त्यांनी हा प्रश्न वर्गातल्या सगळ्यांत वरिष्ठ अधिकाऱ्याला जसाच्या तसा टाकला, तर गडी गोरामोरा झाला. परत येताना बाईंनी शेजारणीसाठी एक चांगली कात्री आणली. म्हणाल्या, तुझ्या एका प्रश्नावर माझा अख्खा तास निघाला.

बाई अशाच. कुणाकडून काही शिकल्या की त्याचं नाव घेतल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. आणि अशा बाईंकडून एका माणसाच्या बाबतीत नेमकं उलटं घडलं होतं, तेही एक-दोनदा नाही, एकतीस वर्षं. ते कसं घडलं, तेच सांगतो.

बाईंचं सामान कुठल्याही देशात सारखंच असायचं. कपड्यांची एक पिशवी, वह्या, आणि एक खिडकी. होय, खिडकी. लाकडी चौकट, मध्ये बोलायला अर्धगोल भोक, खाली अर्ज सरकवायला फट. चार बिजागऱ्यांवर घडी होऊन पेटीत बसायची. ती केली होती बाईंच्या नवऱ्यानं. हा पूर्वी टाइपरायटर दुरुस्त करायचा, पुढे प्रिंटर करायला लागला, आणि सगळे त्याला अजून मेकॅनिकच म्हणतात. विमानतळावर दर वेळी पेटी उघडावी लागायची. तिथला अधिकारी विचारायचा, हे काय? बाई म्हणायच्या, खिडकी. कशाला? माणसांना बाहेर उभं करायला. एका दमट देशात तर लाकूड फुगलं आणि खिडकी उघडेचना. तेव्हा मेकॅनिकनं फोनवरून सांगितलं, मेणबत्ती घास. सचिव दर्जाचे दोन गृहस्थ बाह्या सरसावून मेणबत्ती घासत बसले. नेतृत्वाचा पहिला धडा तिथंच झाला, असं बाई घरी येऊन सांगायच्या.

वर्गाचा पहिला दिवस ठरलेला. खिडकीच्या आत वर्गातला सगळ्यांत कनिष्ठ माणूस बसायचा आणि बाहेर बाकीच्यांची रांग. प्रत्येकाच्या हातात एक साधा अर्ज. आतल्याला बाईंनी सांगून ठेवलेलं असायचं की प्रत्येक अर्जात काहीतरी उणं काढायचंच. फोटो जुना आहे, शाई निळी हवी, शिक्का पुसट आहे, उद्या या. पहिल्यांदा लोक हसत. दुसऱ्यांदा घड्याळ बघत. तिसऱ्या खेपेला चेहरे बदलत. एका पोलीसप्रमुखानं रांग मोडली, एका शहराच्या महापौरबाई चक्क रडल्या, आणि एक मोठे साहेब तर आतल्या पोराला तुझं नाव काय रे, तुला बघून घेतो, म्हणाले आणि मग स्वतःच ओशाळून खाली बसले. वर्ग गप्प झाला की बाई गोष्ट सांगायच्या.

त्या गोष्टीसाठी हयातीचा दाखला म्हणजे काय ते माहीत हवं. निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं कागदावर सिद्ध करावं लागतं. तो समोर उभा आहे एवढ्यानं भागत नाही. त्याला ओळखणाऱ्या दोन साक्षीदारांनी तशी सही करावी लागते.

गोष्ट अशी. बाई नुकत्याच कारकून म्हणून लागल्या होत्या. कचेरीत एक हेडक्लार्क होते. त्यांच्या शर्टाच्या कॉलरला कायम तीन-चार टाचण्या खोचलेल्या असत, म्हणून सगळे त्यांना टाचणीसाहेब म्हणत. एकदा एक निवृत्त परिचारिका दाखल्यासाठी आली, थकलेली, काठी टेकत. टाचणीसाहेबांनी तिला फोटोसाठी परत पाठवलं. दुसऱ्यांदा आली तर साक्षीदार एकच, म्हणून परत. तिसऱ्यांदा शिक्का पुसट. तेव्हा म्हातारी म्हणाली, मी जिवंत आहे हे तुम्हाला दिसत नाही का? आतून उत्तर आलं, दिसतंय, पण कागदावर नाही. म्हातारी तिथंच पायरीवर मटकन बसली. मग कोपऱ्यातली ती नवी कारकून मुलगी उठली. तिनं पाणी नेलं, म्हातारीला आत आणून साहेबांच्याच खुर्चीत बसवलं आणि साक्षीदार म्हणून स्वतः सही केली. इथं बाई थांबायच्या आणि विचारायच्या, नेतृत्व कुणी केलं, खुर्चीनं की कोपऱ्यानं?

टाळ्या ठरलेल्या. गोष्ट बाईंच्या पुस्तकात छापली गेली, पुस्तक सहा भाषांत गेलं. कुठल्या कुठल्या देशांतल्या कचेऱ्यांत लोक एकमेकांना टाचणीसाहेब म्हणून चिडवायला लागले. आणि नुसतं चिडवणं नाही हं, कामंही झाली. लोकांनी खिडक्या रुंद केल्या, अर्जातले रकाने कमी केले, बाहेर बाकं टाकली. बाक टाकलं की बाईंना फोटो यायचा. असे सत्तेचाळीस बाकांचे फोटो बाईंनी एका बुटांच्या खोक्यात जपून ठेवले होते. मुलगी दातांची डॉक्टर, जिभेला हाड नसलेली. ती म्हणायची, लोकांच्या आया नातवंडांचे फोटो दाखवतात, माझी आई बाकडी दाखवते. बाईंना त्याचं काही वाटायचं नाही. ते खोकं उघडलं की त्यांना खरोखर भरून यायचं, की आपल्यासारख्या खिडकीतल्या कारकुनाला हे बघायला मिळालं.

मग निवृत्ती आली. बाई ज्या संस्थेकडून शिकवायला जायच्या तिनं निरोपाचं भाषण ठेवलं, जुने विद्यार्थी पाच-सहा देशांतून यायचे ठरले. संचालकांनी आणखी एक बेत केला. बाईंची खिडकी कायमची संस्थेच्या दाराशी काचेत ठेवायची आणि खाली पितळी पाटीवर ती गोष्ट कोरायची. पाटी तयारही झाली.

आदल्या दिवशी सकाळी बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भाषण मोठ्यानं वाचत होत्या. समोर मेकॅनिक शेजारणीचं शिवणयंत्र उघडून बसला होता. एकतीस वर्षांत त्यानं बाईंचं एकही व्याख्यान ऐकलं नव्हतं. घरात जेवढं ऐकतो तेवढं पुरे, असं त्याचं म्हणणं. पुस्तक त्यानं कौतुकानं कपाटात ठेवलं होतं, उघडलं नव्हतं. बाई पायरीवर बसलेल्या म्हातारीपर्यंत आल्या, कोपऱ्यातून उठल्या, खुर्चीशी पोचल्या आणि थांबल्या. टाळ्या आल्या नाहीत.

"पण खिडकीत तर तू बसली होतीस," मेकॅनिक म्हणाला. त्यानं मानही वर केली नव्हती, यंत्रात तेल घालत होता. "उठून आले ते साहेब. एक सही त्यांची आणि दुसरी माझी. मी नव्हतो का तिथं टाइपरायटर घेऊन बसलेलो?"

बाईंनी हातातले कागद पालथे ठेवले. मग मेकॅनिकनं तेलाची बुधली खाली ठेवली आणि त्याचा चेहरा पडला. त्यानं चाचरत सांगितलं की आपण तुला न सांगता एक गोष्ट करून बसलो आहोत. गेल्या आठवड्यात पत्ता शोधून तो साहेबांच्या घरी जाऊन आला होता. सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत, भाच्याकडे राहतात, हिंडते-फिरते आहेत. उद्या चार वाजता भाचा त्यांना भाषणाला घेऊन येणार आहे. तुला बरं वाटेल म्हणून केलं, असं तो म्हणाला.

आता खरं काय घडलं होतं ते ऐका. बाई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या, खिडकीत बसून तीन आठवडे झाले होते, नोकरी अजून कच्ची होती. नवा नियम पाठ करून आलेल्या माणसाला जो चेव असतो तो त्यांना पुरेपूर होता. फोटो, साक्षीदार, शिक्का, तिन्ही वेळा परत पाठवणाऱ्या बाईच. दिसतंय पण कागदावर नाही, हे वाक्यही त्यांचंच. म्हातारी पायरीवर बसली तेव्हा बाई गोठल्यासारख्या जागेवरच राहिल्या. आतून हेडक्लार्क उठून आले, पाणी त्यांनी नेलं, खुर्ची त्यांनी दिली. कॉलरमधली टाचणी काढून नव्या अर्जाला फोटो लावला, खाली सही केली, आणि कोपऱ्यात टाइपरायटर उघडून बसलेल्या पोराला म्हणाले, इकडे ये, माणूस जिवंत आहे की नाही एवढं तर तुला कळतं ना, कर सही.

गोष्ट तिथं संपली नाही. म्हातारीच्या भावानं वर तक्रार केली आणि चौकशी लागली. कच्च्या नोकरीतल्या कारकुनाला घरी पाठवायला एवढं कारण पुष्कळ होतं. बाईंच्या घरात तेव्हा कमावणारं दुसरं कुणी नव्हतं, आईला दिसत नव्हतं. हेडक्लार्कनी चौकशीत लिहून दिलं, त्या दिवशी खिडकीवर मी स्वतः बसलो होतो. तसा शेरा त्यांच्या सेवापुस्तकात पडला आणि त्यांची बढती गेली ती कायमची. ते हेडक्लार्क म्हणूनच निवृत्त झाले. बाईंना ते एकदाही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, उद्यापासून आठ दिवस तू खिडकीच्या बाहेर. रोज एका वेगळ्या कचेरीत जायचं, खरा अर्ज घेऊन रांगेत उभं राहायचं, आणि पाय कुठं दुखले ते संध्याकाळी येऊन मला सांगायचं. बाईंचं सगळं शिक्षण त्या आठ दिवसांत झालं. पुढे संध्याकाळच्या कॉलेजात त्यांचं नाव घालायला लावलं साहेबांनीच. पाच वाजता ते स्वतः बाईंच्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, फाईल कुठं पळून जात नाही, तू पळ.

अशा माणसाला बाईंनी गोष्टीतला खलनायक केला, आणि तेही ठरवून नाही. परदेशातला पहिला वर्ग होता. समोर चाळीस बडे अधिकारी, बाईंची परकी भाषा अडखळत होती, मागच्या ओळीत कुणी जांभई दिली होती. काहीतरी जिवंत सांगायला हवं म्हणून ही गोष्ट तोंडात आली. आत कोण बसलं होतं हे सांगायची वेळ आली आणि ‘मी’ हा शब्द काही केल्या बाहेर पडेना. एवढ्या लोकांत, पहिल्याच दिवशी, कोण स्वतःचे दात स्वतःच्या घशात घालून घेईल? आमचे हेडक्लार्क, असं म्हणून बाई मोकळ्या झाल्या. वर्ग हसला. मग पाणी कुणी नेलं? ते कुणीतरी न्यायला हवं होतं, म्हणून कोपऱ्यातली मुलगी उठली. पुढच्या वर्गात तीच गोष्ट अधिक घोटून आली. शिकवणाऱ्या माणसाचा हा रोगच असतो. शंभरदा सांगितलेली गोष्ट खऱ्यापेक्षा खरी वाटायला लागते. दहा-बारा वर्षांनी बाईंना स्वतःलाच पाण्याचा पेला आपल्या हातात आठवायला लागला होता.

मेकॅनिकच्या एका वाक्यानं तो पेला हातातून गेला. बाईंनी साहेबांच्या भाच्याला फोन करायला रिसीव्हर उचलला. काहीतरी सबब सांगून उद्याचं टाळता आलं असतं. तेवढ्यात त्यांना पाच वाजता टेबलाशी येऊन उभे राहणारे साहेब आठवले आणि त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला. गोष्ट भाषणातून नुसती गाळावी असंही मनात येऊन गेलं. पण पाटी पितळेची होती.

त्या तशाच उठून संचालकांकडे गेल्या. संचालक भला माणूस, पण घाईतला. पाटी थांबवा म्हटल्यावर त्यानं डोक्याला हात लावला. खरं-खोटं राहू द्या हो बाई, असं त्याचं म्हणणं, गोष्टीनं सत्तेचाळीस बाकं पडली ना, मग त्या टाचणीसाहेबाला आता काय फरक पडतो? बाई म्हणाल्या, उद्या ते येतायत, त्यांनाच विचारू. संचालक एकदम खुर्चीत सरळ झाला. टाचणीसाहेब नावाचा खरा माणूस या जगात असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाईंना वाटलं, आपल्या तरी कुठं आलं होतं.

दुसऱ्या दिवशी चारला सभागृह भरलं. भाचा साहेबांना हाताला धरून घेऊन आला आणि मेकॅनिकनं त्यांना पहिल्या रांगेत आपल्याशेजारी बसवलं. साहेब वाळले होते, शर्ट मात्र तसाच कडक इस्त्रीचा. बाई व्यासपीठावरून बघत होत्या. कॉलरला एकही टाचणी नव्हती. ज्या माणसाला त्यांनी टाचण्यांशिवाय कधी पाहिलं नव्हतं, त्याची कॉलर कोरी होती. ती गोष्ट साहेबांपर्यंत पोचली होती, हे बाईंना तिथल्या तिथं कळलं.

बाईंनी भाषणाचे कागद बाजूला ठेवले. नेहमीसारखी गोष्ट सुरू केली आणि जुने विद्यार्थी आधीच हसायच्या तयारीत बसले. म्हातारीचं ते वाक्य आलं, मी जिवंत आहे हे दिसत नाही का. बाई थांबल्या.

"आत मी बसले होते," त्या म्हणाल्या. "दिसतंय पण कागदावर नाही, हे मी म्हणाले. पाणी घेऊन साहेब आले, खुर्ची त्यांनी दिली, सही त्यांनी केली. माझी नोकरी वाचावी म्हणून त्यांनी माझी चूक स्वतःच्या नावावर लिहून घेतली, आणि मी ती अठरा देशांत त्यांच्या नावावर सांगत फिरले. मी आज जी काही आहे ती त्यांच्यामुळे आहे. ते इथं बसलेत."

बाईंना वाटत होतं, आता कुणीतरी उठून निघून जाईल. पण आधी पहिल्या ओळीतल्या त्या महापौरबाई उठल्या, मग बाकीचे, आणि एवढी मोठमोठी माणसं एका निवृत्त हेडक्लार्कसमोर उभी राहिली. साहेबांना ते सगळं अवघड होत होतं. त्यांनी हातानं बसा बसा केलं. बाई व्यासपीठ सोडून खाली आल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. साहेबांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, पण त्यात राग नव्हता, सुटका होती.

"नक्की ना?" त्यांनी विचारलं. "मी नव्हतो ना खिडकीत?"

बाईंना कळेना.

"भाचा तुमच्या संस्थेत शिकून आला. घरी जेवताना ती गोष्ट सांगितली, सगळे हसले, मीही हसलो. मला वाटलं, असेल कुणी दुसरा. मग त्यानं पुस्तक दाखवलं, त्यात कचेरी आपलीच. माझ्या सेवापुस्तकातही तसंच आहे, मीच लिहिलेलं. आता मला बरंच काही आठवत नाही, पोरी. दोन्ही कागद एकच सांगतात म्हटल्यावर मला वाटायला लागलं, त्या बाईला मीच परत पाठवलं असणार. तीन-चार वर्षं तेच डोक्यात आहे. एवढ्या म्हाताऱ्या बाईला मी असं कसं केलं."

बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. तुम्ही नव्हता, साहेब, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. आपण एका माणसाचं नुसतं नाव खराब केलं असं त्यांना कालपासून वाटत होतं. त्याचा सगळ्यांत चांगला दिवस आपण त्याच्याकडून काढून घेतला होता, हे त्यांना आज कळलं. शेजारी मेकॅनिक उभा होता. तो म्हणाला, साहेब, मी होतो तिथं, खिडकीत ही होती, आणि तुम्ही माझी सही घेतलीत, मी साक्षीदार आहे. साहेबांनी मान हलवली. बरं झालं, म्हणाले. मग पुन्हा एकदा, बरं झालं.

थोड्या वेळानं लोक चहाला पांगले. साहेबांनी भाच्याकडून आपली पिशवी मागून घेतली आणि तिच्यातून घडी केलेला एक कागद काढला. हयातीचा दाखला. हा महिना त्याचाच होता. एक सही गेल्या आठवड्यात मेकॅनिकनं केलेली होती, दुसरी जागा रिकामी. शेजाऱ्याकडून घेणार होतो, असं साहेब म्हणाले, शेजारी चांगला आहे, पण तो मला ओळखतो आठच वर्षं. तेव्हा म्हटलं, आधी इथलं बघू.

दाराशी बाईंची खिडकी उघडून ठेवलेली होती, पाटीशिवाय. तिच्या फळीवर कागद ठेवून बाईंनी छापील ओळ वाचली. सदर इसमास मी व्यक्तिशः ओळखते आणि ते आज रोजी हयात आहेत. हा मजकूर त्यांनी कारकुनीच्या वर्षांत कितीदा वाचला असेल, पण तो इतका जड कधी लागला नव्हता. ओळखते, या शब्दावर त्यांचं पेन थांबलं. मग त्यांनी सही केली, खाली पूर्ण नाव घातलं आणि कागद फटीतून साहेबांकडे सरकवला.

साहेबांनी चष्मा चढवला, कागद वरपासून खालपर्यंत तपासला आणि फटीतून परत सरकवला.

"तारीख राहिली," ते म्हणाले.

बाईंनी तारीख घातली. साहेबांनी फोटो जागेवर धरला आणि टाचणी मागितली. संचालक स्वतः पळत जाऊन टाचण्यांची डबी घेऊन आला. साहेबांनी एक टाचणी फोटोला लावली, हाताला लागल्या म्हणून आणखी तीन उचलल्या आणि एकेक करून आपल्या कॉलरला खोचल्या.